सहा टाक्या, दोन भरल्या

"या दोन भरून देतो. बाकीच्या चार परत न्या, नाहीतर इथेच ठेवून जा."

जून २०२४ मधला शनिवार, सकाळचे साडेनऊ. आमच्या मिशिगनमधल्या मराठी मंडळाची सहल पंधरा दिवसांवर आली होती. गेली कितीतरी वर्षं सहलीला केटररचं जेवण असतं. या वर्षी ठरलं की बटाटेवडे तिथेच, उघड्यावर, मोठ्या कढईत तळायचे. खाद्यसमिती माझ्याकडे होती, त्यामुळे गॅसची व्यवस्थाही माझ्याकडेच आली. मंडळाच्या मालकीच्या सहा प्रोपेनच्या टाक्या एका सभासदाच्या घरामागच्या शेडमध्ये पडून होत्या. कुणी घर विकून फ्लोरिडाला गेलं, कुणी मुलाकडे टेक्सासला, आणि जाताना ग्रिल, घडीच्या खुर्च्या आणि टाकी मंडळाला देऊन गेलं. अशा जमलेल्या सहा. शेजाऱ्याची पिकअप मागून आणली, टाक्या मागे उभ्या ठेवल्या, दोरीने घट्ट बांधल्या आणि गावाबाहेरच्या प्रोपेनवाल्याकडे गेले.

दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून भरलेली टाकी बदलून घेणं सोपं असतं, तरी मी भरून घ्यायला गेले त्याला कारण होतं. बदलून मिळणाऱ्या टाकीत बहुतेक वेळा १५ पौंड गॅस असतो, तसं तिच्या वेष्टनावर लिहिलेलंही असतं. तीच टाकी भरून घेतली तर २० पौंड येतो. दोनशे माणसांचे वडे तळायचे तर हा फरक मोठा आहे.

प्रोपेनवाला साठीचा असेल. हातात जाड हातमोजे, खिशात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. त्याने सहा टाक्या ओळीने मांडल्या आणि भरायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकीसमोर वाकून वरची कॉलर वाचली. कॉलर म्हणजे व्हॉल्व्हच्या भोवती जो पत्र्याचा कठडा असतो, हात घालून टाकी उचलायचा, तो. त्यावर अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. इतकी वर्षं मी ती टाकी उचलत आले, पण त्या आकड्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याने पितळी व्हॉल्व्हही बारकाईने पाहिले. पितळेवर निळसर-हिरवट डाग दिसला तर तो त्या टाकीला हातही लावत नाही म्हणाला. कारण कुणी तिच्यात अमोनिया भरून ठेवला असेल तर पितळ आतून ठिसूळ झालेलं असतं आणि व्हॉल्व्ह उडू शकतो.

दोन टाक्या त्याने बाजूला काढल्या. दोन्हींची चावी तीन कोपऱ्यांची, त्यावर ओपीडी अशी तीन अक्षरं, कॉलरवर एकीची तारीख ०७-१४, दुसरीची ०३-१६. या भरायच्या. तिसरीचीही चावी त्रिकोणी, पण तारीख ०४-०८. चौथी आडवी होती, कुणाच्या तरी जुन्या कॅम्पर ट्रेलरवरून काढलेली. आणि शेवटच्या दोन टाक्यांवर फुलासारखी, पाकळ्या असलेली गोल चावी. एक १९९१ ची, दुसरी ०६-९४.

त्या ०६-९४ वाल्या टाकीला बुडाशी एक पोचा होता, तळहाताएवढा, आणि त्यावर हिरव्या रंगाचा ओरखडा. तो हिरवा रंग आमच्या जुन्या गाडीचा. ही टाकी आमची होती. ती मंडळाच्या शेडमध्ये आहे हे मी साफ विसरले होते.

ते साल १९९९. आम्हाला अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती. टाकी एका गॅरेज सेलमध्ये मिळाली होती. जुलैतल्या एका रविवारी सकाळी नवऱ्याने एका पेट्रोल पंपावर ती भरून घेतली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. भरणाऱ्या मुलाने वजनकाटा वापरला नाही, हे मला आजही आठवतं, कारण काटा शेजारीच होता आणि त्यावर कुणीतरी कॉफीचा कप ठेवला होता. त्याने नळी लावली, पंप चालू केला आणि आत जाईना तेव्हा बंद केला. आम्हाला बरं वाटलं होतं, पैशाला पुरेपूर भरून दिली म्हणून.

मग आम्ही तलावाकाठच्या एका स्टेट पार्कमध्ये गेलो. गाडी उन्हात. चार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली होती. तिला उचलून सावलीत चटईवर आणून टाकलं आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडीकडून फुस्स असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी जसा आवाज येतो तसा, फक्त फार मोठा. मग सडक्या कोबीसारखा वास आला. प्रोपेनला स्वतःला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात, त्याचा तो वास. नवरा डिकी उघडायला धावला तेव्हा पार्कमधल्या एका कर्मचाऱ्याने त्याला ओरडून थांबवलं. आजूबाजूच्या सगळ्यांना त्याने लांब नेलं, कुणी गाडी चालू करू नका म्हणाला, आणि आमच्यापासून वीस पावलांवर ज्यांची कोळशाची शेगडी पेटलेली होती त्यांना तिच्यावर पाणी ओतायला लावलं. अग्निशमनवाले आले. त्यांनी डिकी उघडली, टाकी मोकळ्या गवतावर नेली, तिच्यावर पाण्याची धार धरली. हळूहळू फुसफुस बंद झाली. कुणाला काही झालं नाही. टाकी उचलताना गाडीच्या कडेवर आपटली, त्याचा तो पोचा.

त्या दिवशी एक अग्निशामक नवऱ्याला एवढंच म्हणाला, "टाकी काठोकाठ भरली होती." घरी आल्यावर नवऱ्याने ती टाकी पुन्हा घरात घेतली नाही. मंडळाच्या सामानात नेऊन ठेवली. आम्ही दोघं त्यावर फार बोललो नाही. मुलगी झोपलेली ती सीट माझ्या डोळ्यांसमोरून मात्र बरेच दिवस गेली नाही.

पंचवीस वर्षांनी प्रोपेनवाल्यासमोर उभी असताना मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने हातमोजे काढले, पाकळ्यांच्या चावीवर बोट ठेवलं आणि मला समजावलं. पुढचं बरंचसं त्याच्याकडून ऐकलेलं आहे, आणि नंतरचे आठ-दहा दिवस मी ते वाचून पडताळून पाहिलेलं आहे.

टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतं आणि द्रवाच्या वर थोडी जागा वाफेसाठी लागते. म्हणून टाकी सुमारे ८० टक्केच भरायची. उरलेले २० टक्के रिकामे ठेवण्यात दुकानदाराची लबाडी नाही, तीच खरी सुरक्षितता. तापमान वाढलं की द्रव प्रोपेन पाण्याच्या मानाने जवळजवळ १७ पट जास्त फुगतं. सकाळी गार असताना काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात गेली की आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. टाकीला जो रिलीफ व्हॉल्व्ह असतो, दाब फार वाढला की गॅस बाहेर सोडणारा, तो ३७५ पीएसआयला, म्हणजे चौरस इंचाला ३७५ पौंड दाबाला, उघडतो. नीट भरलेल्या टाकीत २१ अंश सेल्सिअसला दाब साधारण ११० पीएसआय असतो, आणि ३८ अंशांना सुमारे १७५. म्हणजे कडक उन्हाळ्यातही ती ३७५ च्या आसपास फिरकत नाही. आमच्या डिकीतला व्हॉल्व्ह उघडला तो निव्वळ उन्हामुळे उघडला असं मी इतकी वर्षं समजत होते. तो उघडला कारण आत वाफेला जागाच नव्हती. द्रवाने गच्च भरलेल्या टाकीत थोडंसं तापमान वाढलं तरी दाब एकदम चढतो. व्हॉल्व्हने त्याचं काम केलं आणि टाकी फुटू दिली नाही. पण बाहेर पडलेल्या गॅसचं काय? एक लिटर द्रवाची जवळजवळ २७० लिटर वाफ होते. ती हवेपेक्षा दीडपट जड. डिकीत, गवतावर, खळग्यात साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते.

हे होऊ नये म्हणून त्रिकोणी चावीचा व्हॉल्व्ह आला. ओपीडी म्हणजे जास्त भरण्याला आळा घालणारी योजना. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, पाणी वर आलं की दांडी उचलली जाते आणि नळ बंद होतो? अगदी तेच. व्हॉल्व्हच्या खाली, टाकीच्या आत एक फ्लोट लोंबत असतो. द्रव ८० टक्क्यांच्या आसपास आलं की तो वर उचलला जातो आणि भरायची वाट बंद होते.

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचा एनएफपीए ५८ नावाचा द्रवरूप पेट्रोलियम गॅसचा कोड आहे. राज्यं तो स्वीकारतात आणि मग तो कायद्याचा भाग होतो. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत आलं की ४ ते ४० पौंड गॅस मावणाऱ्या उभ्या टाक्या ३० सप्टेंबर १९९८ नंतर बनवल्या तर त्यांना ओपीडी हवा. आणि १ एप्रिल २००२ पासून, टाकी कितीही जुनी असो, ओपीडी नसेल तर ती पुन्हा भरायची नाही. जुन्या टाक्या एका रात्रीत बाद केल्या नाहीत, लोकांना साडेतीन वर्षं दिली. आमची टाकी त्या मधल्या काळात भरली गेली होती. तेव्हा ती नियमात बसत होती.

मी विचारलं, मग नुसता व्हॉल्व्ह बदलून दे ना. टाकीचा पत्रा तर चांगला जाड आहे.

तो म्हणाला, बदलता येतो. पण आधी टाकी पूर्ण रिकामी करायची, जुना व्हॉल्व्ह काढायचा, त्या टाकीच्या मापाचाच फ्लोट आणि डिप ट्यूब, म्हणजे ८० टक्क्यांच्या पातळीपर्यंत जाणारी बारीक नळी, असलेला नवा बसवायचा, कारण चुकीच्या लांबीची डिप ट्यूब बसली तर ८० टक्क्यांची खूणच चुकते. मग तिची तपासणी करून तारीख ठोकायची. हा सगळा खर्च नव्या टाकीच्या आसपास जातो. "आणि पोचा वेल्डच्या इतका जवळ आहे की ही टाकी मी पासच करणार नाही." तिथे माझं बोलणं संपलं.

आडव्या टाकीबद्दल मला वाटलं होतं की ती नक्की बाद होणार, कारण तिलाही ओपीडी नव्हता. पण १ ऑक्टोबर १९९८ च्या आधी बनलेल्या आडव्या टाक्यांना या नियमातून सूट आहे. तसं लेबल तिच्यावर असावं लागतं, आणि ते होतं, उन्हाने पांढरं पडलेलं. सूट असूनही त्याने ती नाकारली ती खालच्या बाजूच्या गंजामुळे. त्याने नखाने खरवडून दाखवलं, रंगाखाली गंजाचे खड्डे होते.

तिसरी टाकी, त्रिकोणी चावीची, ओपीडी असलेली, दिसायला या सहांत सगळ्यात चकचकीत. तीही नाही. कारण तारीख ०४-०८.

हा भाग आपल्या लोकांना सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या सवयीत नाही. आपण लहानपणापासून १४.२ किलोचा लाल सिलिंडर पाहिला. त्याच्याही वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी असं अक्षर आणि पुढे साल असतं. वर्षाच्या कोणत्या तिमाहीत त्याची पुढची तपासणी यायची आहे ते त्यातून कळतं. पण तो सिलिंडर कंपनीचा. आपण अनामत भरलेली असते. तो रिकामा झाला की जातो, दुसरा येतो, आणि त्याच्या तपासणीची काळजी घ्यायची ती कंपनीने. आईने कधी ते अक्षर वाचल्याचं मला आठवत नाही. ती फक्त आणणाऱ्याला सील तोडून वायसर पाहायला लावायची. इथे टाकी आपल्या मालकीची असते. तिच्या तारखेची जबाबदारीही मग आपलीच. भरणाऱ्याचं काम एवढंच की मुदत संपलेली टाकी भरायची नाही.

हा नियम कोडचा नाही, तो केंद्र सरकारच्या परिवहन खात्याचा, डीओटीचा. टाकी बनल्यापासून १२ वर्षांनी तिची पहिली फेरतपासणी. मध्ये २०१६ साली ही मुदत १० वर्षांवर आणली होती, नंतर ती पुन्हा १२ केली, म्हणून जुनं काही वाचलं तर गोंधळ होतो. फेरतपासणी नुसती बाहेरून पाहून केली असेल तर नव्या तारखेपुढे ई हे अक्षर येतं आणि ती पाच वर्षं चालते. ०४-०८ ची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती.

सुदैवाने हा प्रोपेनवाला फेरतपासणीचा परवाना असलेला होता. सगळे नसतात. पुढच्या आठवड्यात ये म्हणाला. मी मुद्दाम तो तपासत असताना गेले. त्याने टाकी आडवी करून बुडाची कडी पाहिली, सगळे सांधे बोटांनी चाचपले, रंग कुठे जळलेला किंवा फुगलेला आहे का ते पाहिलं, व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं, रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं ते काढलं. मग कॉलरवर खूण केली. वीस मिनिटांचं काम.

आता भरण्याबद्दल, कारण माझ्या मनातला सगळ्यात मोठा गैरसमज तिथे होता. मला वाटलं, ओपीडी आहे म्हणजे आता माणसाने लक्ष द्यायची गरज नाही, फ्लोट बघून घेईल. प्रोपेनवाला यावर जरा तापलाच. कोडमध्येही तेच आहे, मी नंतर पाहिलं: फ्लोटच्या भरवशावर टाकी भरायची नाही. भरायची ती वजनावर, किंवा ब्लीडर स्क्रूवर. फ्लोट हा चूक झालीच तर असलेला आधार आहे. तो अडकू शकतो, झिजू शकतो, आपटून वाकू शकतो.

त्याने टाकी काट्यावर ठेवली. कॉलरवर टीडब्ल्यू १८ लिहिलेलं, म्हणजे रिकाम्या टाकीचं वजन १८ पौंड. डब्ल्यूसी ४७.६, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या पाण्याचं वजन. ४७.६ ला ०.४२ ने गुणायचं, आले २० पौंड. अधिक १८. काटा ३८ वर लावला, नळीचं वजन वेगळं धरलं. मग स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्हच्या बाजूचा लहानसा ब्लीडर स्क्रू किंचित उघडला आणि पंप चालू केला. त्या स्क्रूमधून आधी नुसती वाफ येते. आत एक बारीक नळी ८० टक्क्यांच्या पातळीपर्यंत गेलेली असते. द्रव तिच्या टोकाला लागलं की पांढरी, गार फवारणी सुरू होते. फवारणी दिसली, काटा हलला आणि त्याने पंप बंद केला, सगळं एका क्षणात. साधारण ४.७ गॅलन गेलं. शेवटी जोडावर साबणाचं पाणी.

घरी आल्यावर मी भारतात जाताना बॅगा तोलायला वापरतो तो हातातला काटा काढला आणि कॉलरला अडकवून टाकी उचलली. १७.२ किलो. ३८ पौंड बरोबर. त्या काट्याने मी पुढे मंडळातल्या आणखी चार-पाच जणांच्या टाक्या तोलून दिल्या. ज्यांची टाकी पिंजऱ्यातून बदललेली होती त्यांची १५ किलोच्या आसपास भरली, म्हणजे ३३ पौंड, आत १५. जास्त भरलेली एकही निघाली नाही, याचं मला खूप बरं वाटलं.

समितीच्या बैठकीत मी चार टाक्या भरून मिळाल्या नाहीत असं सांगितलं तेव्हा सगळ्यांना ते पटलं नाही. आमचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो ताई, दुसऱ्या गावात कुणीतरी भरून देईल. त्या चांगल्या टाक्या आहेत. नियमवाले काय, नव्या टाक्या विकायला बसलेले असतात." ते मंडळाचे पैसे वाचवायला बघत होते, हे मला कळत होतं. मी त्यांना तलावाकाठची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, काका, एखादा माणूस ही टाकी भरून देईलही, पण जो काहीही न पाहता भरून देतो तो काटाही पाहत नसेल. काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीच विचारलं, त्यांच्या घरच्या टाकीवर तारीख कुठे बघायची.

त्याच बैठकीत कुणीतरी सुचवलं की कॅम्पिंगच्या शेगडीच्या एक पौंडाच्या हिरव्या बाटल्या मोठ्या टाकीवरून भरून घेऊ, तसे अडॅप्टर मिळतात. याला मी सरळ नाही म्हटलं. त्या डीओटी-३९ प्रकारच्या, एकदाच वापरायच्या. भरून त्यांची वाहतूक करणं हा गुन्हा आहे, पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, असं त्या बाटलीवरच छापलेलं आहे. तिच्यात ना फ्लोट, ना भरण्याची पातळी दाखवणारी नळी.

प्रोपेनवाल्याने टाक्या कुठे ठेवता हेही विचारलं होतं. शेडमध्ये म्हटल्यावर त्याने मान हलवली. आता त्या त्याच सभासदाच्या अंगणात, घराच्या दारा-खिडक्यांपासून लांब, काँक्रीटच्या फरशीवर उघड्यावर उभ्या असतात. पाऊस-बर्फ लागला तर चालतो, गॅस साचलेला चालत नाही.

सहलीच्या दिवशी एक अडचण आली, ती इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणालाही येईल. कढई चढवली, बर्नर पेटवला आणि ज्योत एवढीशी, निळी, दमलेली. सगळे म्हणाले टाकी रिकामी दिली. मी तर स्वतः तोलली होती. नव्या जोडात, मोठ्या आट्यांच्या काळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या नटचा जो असतो त्यात, आणखी एक सोय आहे: गॅस एकदम जोरात वाहू लागला तर नळी तुटली असं समजून तो प्रवाह आवळून धरतो. शिवाय आग लागली तर ते प्लास्टिक मऊ होतं आणि आतला भाग सरकून गॅस बंद होतो. आणि जोड नीट बसल्याशिवाय चावी फिरवूनही गॅस येत नाही. जुन्या डाव्या आट्यांच्या पितळी जोडात यातलं काहीच नव्हतं. आमच्या मुलाने बर्नरची चावी आधी उघडी ठेवून टाकीची चावी झटक्यात उघडली होती. मी दोन्ही बंद केल्या, मिनिटभर थांबले, टाकीची चावी अगदी हळू उघडली, मग बर्नर. ज्योत कढईच्या काठापर्यंत आली. पहिला घाणा पावणेबाराला निघाला.

ती ०६-९४ वाली टाकी मी प्रोपेनवाल्याकडेच सोडली. इतर दोघींबरोबर तिच्यातला उरलासुरला गॅस काढून, व्हॉल्व्ह उतरवून ती भंगारात जाणार होती. कचऱ्यात टाकायची नसते, रिकामी वाटली तरी. मी म्हटलं, मला थांबून बघायचंय. त्याला वेळ नव्हता, सोमवारी करतो म्हणाला. सोमवारी मी रजा घेतली आणि नवऱ्यालाही सोबत नेलं. व्हॉल्व्ह उतरवल्यावर त्याने तो नवऱ्याच्या हातात दिला. खाली पाहिलं तर नुसती एक बारीक नळी, बाकी काही नाही. नवऱ्याने तो दोन-तीनदा फिरवून पाहिला आणि परत दिला. गाडीत बसल्यावर त्याने मुलीला फोन लावला. ती आता एकोणतीस वर्षांची आहे, स्वतःच्या घरात ग्रिल ठेवते. त्याने तिला खाली जाऊन कॉलरवरची तारीख वाचायला सांगितली, आणि ती वाचेपर्यंत गाडी सुरू केली नाही. ०९-२१, ती म्हणाली. त्रिकोणी चावी. सप्टेंबर २०३३ पर्यंत.